‘पारंपरिक’ या शब्दामागे

लोकगीतांची एखादी जुनी कॅसेट घरात असेल, तर तिच्यासोबतचा कागद काढून पाहा. गायक, वादक, संगीत संयोजक अशी सगळी नावे त्यावर असतात. ‘गीत’ या शब्दापुढे मात्र पुष्कळदा एकच शब्द असतो – पारंपरिक. १९९१ साली आमच्या बेंजो पार्टीने आगरी-कोळी लग्नगीतांची कॅसेट काढली. तिच्यावरही हाच शब्द आहे. त्या पार्टीत मी बेंजो वाजवत असे. ती आठ गाणी प्रत्यक्षात कशी तयार झाली, हे सांगितले तर या एका शब्दाआड किती माणसे आणि किती यंत्रे उभी आहेत, याची कल्पना येईल.

गाण्यांचा मूळ साठा होता धवल्यांचा. रायगड-ठाण्याच्या आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण गाऊन लावते. मांडव, हळद, तेल अशा प्रत्येक विधीचा धवला वेगळा. हा प्रकार किती जुना? तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबेने रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्यात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे ‘धवळे’ गायिले. आद्य मराठी कवयित्री म्हणून आपण तिला ओळखतो. म्हणजे मराठी कवितेच्या इतिहासात पहिल्या स्त्रीचे नाव येते, तेच मुळी लग्नगीताच्या निमित्ताने.

आमची थोरली आत्या उरणकडच्या गावात धवलारीण होती. तिच्या धवल्याला ठरलेली लांबी नसे. हळद लावून होईपर्यंत धवला चाले. नवऱ्याची आई, मावशी, आत्या, मामी पुढे येतील तसे त्यांचे नाव गाण्यात गुंफले जाई. घर मोठे असले की गाणेही मोठे. साथीला वाद्य नसे आणि ताल असलाच तर तो श्वासाचा.

आमचे वाद्य मात्र सातासमुद्रापलीकडून आलेले. जपानमध्ये नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ साली ‘ताइशोगोतो’ नावाचे तंतुवाद्य बनवले. टाइपरायटरसारखी बटणे एका हाताने दाबायची आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. भारतात ते बुलबुलतरंग झाले. मुंबई-कोकणात कोणीतरी त्याला पिकअप बसवून लाउडस्पीकरला जोडले आणि गणपतीच्या मिरवणुकीत, हळदीच्या रात्री तेच ‘बेंजो’ म्हणून गाजू लागले. आज हे वाद्य आपल्याला इतके आपले वाटते की, त्याचे जपानी मूळ सांगितले तर लोक हसतात.

तिसरी गोष्ट वेळेची. १९०२ साली फ्रेड गायसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी कोलकात्याला आले आणि गौहरजान यांचा आवाज तबकडीवर उतरला. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. तासभर रंगणारे गाणे तेवढ्यात बसवायचे, तर मुखडा लवकर, अंतरे मोजके आणि शेवट नेमका हवा. पुढच्या कित्येक पिढ्यांचा कान याच मापावर घडला. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली. साठ मिनिटांच्या कॅसेटला तीस-तीस मिनिटांच्या दोन बाजू. ऐंशीच्या दशकात ती आपल्याकडे इतकी स्वस्त झाली की, आमच्यासारख्या गल्लीतल्या पार्टीलाही कॅसेट काढता येऊ लागली. तबकडीच्या जमान्यात आम्हाला कोणी विचारले नसते.

दादरच्या एका लहान स्टुडिओत आम्ही एक दिवस घेतला होता. एका बाजूला चार गाणी, म्हणजे प्रत्येकी सात मिनिटे. आत्याचा हळदीचा धवला आम्ही घड्याळ लावून ऐकला होता, तो पाऊण तासाचा भरला. त्यातली पाच कडवी निवडली. ढोलकीला ठेका हवा, म्हणून सहा मात्रांच्या कोळी ठेक्यात ती बसवली. कडव्यांच्या मधल्या जागा बेंजोने भरायच्या, ते काम माझे. नातेवाइकांची नावे काढावी लागली, कारण कॅसेट कोणत्याही घरी वाजणार होती. मामी, मावशी जाऊन ‘वऱ्हाडी’ एवढेच उरले. विधीसाठी रचलेले गाणे अशा रीतीने नाचण्याचे गाणे झाले.

कॅसेट चांगली खपली. पण खरा बदल पाच-सहा वर्षांनी दिसला. हळदीच्या रात्री बायका आमच्याच पाच कडव्यांचा धवला म्हणू लागल्या, तोही आमच्याच ठेक्यात. बेंजोने वाजवलेली मधली सुरावट त्या तोंडाने गुणगुणत. याच काळात आमचा मुलूखही बदलत होता. १९७० मध्ये सिडको आली, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, शेते आणि मिठागरे गेली, लग्ने अंगणातून हॉलमध्ये गेली. हॉल ठरावीक तासांपुरताच मिळतो. पाऊण तासाच्या धवल्याला तिथे सवड कुठली? त्यामुळे सगळा दोष कॅसेटला देणे योग्य नाही. ती नसती, तर ती पाच कडवीही नव्या मुलींच्या कानावर पडली नसती.

आता त्या शब्दाकडे येतो. आम्ही कंपनीला कागदावर आत्याचे आणि गावाचे नाव लिहून दिले होते. छापून आले ‘पारंपरिक’. कलावंताचे हक्क आपल्या कॉपीराइट कायद्यात आले ते १९९४च्या दुरुस्तीने, त्यामुळे तेव्हा बोलायला फारसा आधारही नव्हता. मी चिडून आत्याला सांगायला गेलो, तर ती म्हणाली, “माझं कशाला? टाकायचं तर माझ्या सासूचं टाक, आणि तिला जिनं शिकवलं तिचंही.”

तिचे म्हणणे मला पटते. गाणे एकटीचे नव्हतेच. पण म्हणून ते कोणाचेच नव्हते, असेही नाही. गौहरजान रेकॉर्डच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारत. परदेशी कारखान्यात तबकडी कोणाची, हे कळावे म्हणून ती सोय होती. त्या सोयीमुळेच ते नाव आज शंभर वर्षांनंतरही ऐकू येते. आमच्या धवलारणींच्या वाट्याला तेवढीही सोय आली नाही.

आज स्टुडिओची गरज नाही आणि तीस मिनिटांची अटही नाही. खिशातल्या मोबाइलवर पाऊण तासाचा धवला सहज मावतो. तुमच्या घरात, गावात धवले, ओव्या, भोंडल्याची गाणी म्हणणारी कोणी असेल, तर तिला न कापता पूर्ण ऐका आणि मुद्रित करा. त्यासोबत तीन गोष्टी अवश्य नोंदवा : गाव कोणते, गाणे कोणत्या प्रसंगाचे आणि ती ते कोणाकडून शिकली. नंतर कोणी ते गाणे कापले, ठेक्यात बसवले, त्यावर नाचले, तरी मूळ कुठे सापडेल, हे पुढच्या मुलीला ठाऊक असेल.