टंकयंत्राची साक्ष

पुस्तकबांधणी आणि टंकयंत्रांची दुरुस्ती एकाच छताखाली चालणारे दुकान रहस्यकथेला फार सोयीचे. सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावी निनावी अर्ज कोणत्या यंत्रावर उमटला, हे अशा कारागिराइतके कोण ओळखणार? झिजलेला खिळा, वाकलेली दांडी त्याच्या बोटांना पाठ.

शेरलॉक होम्सने १८९१ च्या एका कथेत अक्षरांच्या अशाच खोडींवरून एका लबाड सावत्र बापाचे बिंग फोडले. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड साहसात रमले. टंकयंत्राचे रहस्य रंगले ते न्यायालयात. नागपूर तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी असताना तेथील अबकारी आयुक्तांवरील खटल्यात, एक पत्र मागची तारीख घालून नव्या यंत्रावर टंकलिखित केल्याचा आरोप होता. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरवले. शिवाय, टंकलेखनावरील तज्ज्ञाचे मत १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये बसत नाही, असेही म्हटले. हस्ताक्षराला जो मान, तो टंकाक्षराला नाही! हे मत पाच न्यायमूर्तींच्या पीठाने फिरवले ते १९९६ मध्ये, कचेऱ्यांत संगणक शिरू लागल्यावर.

खरे तर देवनागरी यंत्र अधिक चुगलखोर. ख, ण, श ही अक्षरे त्यावर अर्धे अक्षर आणि काना असे दोन ठोक्यांत जुळवावी लागत. एकटा काना किंचित कलला, तरी त्याची खूण प्रत्येक ओळीत सापडे.