मुद्रणकला आणि मराठी ख्रिस्ती धर्मप्रचार

अर्वाचीन मराठी गद्याचा इतिहास सांगताना मिशनऱ्यांच्या छापखान्यापासून आरंभ करावयाचा, असा आपल्याकडे परिपाठच पडून गेला आहे. त्याबाबत दोन पक्ष दिसतात. एका पक्षाच्या मते हे गद्य पाद्र्यांनी घडविले. दुसऱ्याच्या मते त्यांनी ‘मिशनरी मराठी’ नावाचे एक ओबडधोबड प्रकरण तेवढे निर्माण केले. दोन्ही पक्ष छापखान्याला कोणाच्याही हाती सारखाच चालणारा एक निर्जीव सांगाडा समजतात, आणि येथेच त्यांची गफलत होते असे मला वाटते. चर्चने हे साधन हाती घेतले खरे, परंतु त्या साधनानेही चर्चला काही अटी घातल्या. त्या अटी लिपीच्या होत्या, ठशांच्या होत्या, आणि वाचता न येणाऱ्या श्रोत्यांच्या होत्या. त्या ध्यानात घेतल्याखेरीज या वाङ्मयाचे गुणदोष नीट उकलत नाहीत.

हिंदुस्थानात मुद्रणयंत्र आले ते जवळजवळ अपघाताने. अबिसीनियाकडे निघालेल्या जेझुइटांबरोबरचे यंत्र ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यास उतरले आणि तेथेच राहिले. पुढल्याच वर्षी फ्रान्सिस झेवियर यांची प्रश्नोत्तरी त्यावर छापली गेली. पण ती पोर्तुगीज भाषेत. देशी माणसाच्या कानावर त्याच्या भाषेतला शब्द घालावयाचा तर केवळ यंत्र असून भागत नव्हते. अक्षरे हवी होती. या अडचणीची सर्वांत नेमकी जाणीव असलेला पुरुष म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या या इंग्रज जेझुइटाने १६०८ साली आपल्या संघाच्या मुख्याधिकाऱ्यास पत्र लिहून, मलबारात झाली तशी येथेही देशी लिपीत पुस्तके व्हावीत, ही आपली बहुत वर्षांची इच्छा कळविली. युरोपीय लिपीस दोन डझन ठसे पुरतात, येथे सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील, हे त्याने त्यातच मांडले आहे. एका कवीने आपल्या काव्याच्या आधी ठशांची मोजदाद करावी, हा प्रसंग आपल्या वाङ्मयेतिहासात विरळाच.

ठसे मिळाले नाहीत. १६१६ साली रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन अक्षरांत. ‘श’साठी एक्स हे अक्षर, मूर्धन्य व्यंजनांसाठी अक्षराचे द्वित्त, अशी नाना युक्तींनी त्याने मराठीचा उच्चार परक्या वर्णांत बसविला. मराठीचा गौरव एवढ्या तन्मयतेने करणाऱ्या कवीस आपला ग्रंथ तिच्या लिपीत पाहता आला नाही, यातील विषाद मला नेहमीच स्पर्श करून जातो. तथापि साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मुळात वाचण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी रचलेला होता. जुनी पुराणे सोडलेल्या लोकांना त्यांच्या जागी दुसरे पुराण हवे होते, ही भूमिका ग्रंथाच्या प्रारंभीच मांडलेली आहे. ओवी, वक्ता-श्रोत्यांचा संवाद, हे सारे पुराणिकाचे साहित्य स्टीफन्सने उचलले. छापील पोथी पाद्र्याच्या किंवा रोमन अक्षर शिकलेल्या वाचकाच्या हाती. समोर बसलेले शेकडो श्रोते निरक्षर. यंत्र हे येथे वाणीचे सेवक होते.

पुढे काय घडले ते पाहावे. १६४९ व १६५४ मध्ये पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत गोव्यातील मुद्रणही थंडावले. तिन्ही आवृत्त्यांची एकही मुद्रित प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ मात्र जगला, हाताने उतरून घेतलेल्या प्रतींतून, आणि दक्षिणेस मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या पठणातून. १९०७ मध्ये सालढाणा यांनी मंगळुरास जी आवृत्ती काढली ती अशा हस्तलिखितांच्या आधारे. पुढे जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनच्या मार्स्डेन संग्रहातील नागरी प्रतीकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि मूळ लिपी कोणती, हा वाद सुरू झाला. तीनदा छापलेला ग्रंथ छापील रूपात नाहीसा व्हावा आणि लेखणीने व कंठाने तगावा, ही गोष्ट मुद्रणाच्या महतीचे पवाडे गाणारांनी अवश्य विचारात घेण्याजोगी आहे.

दुसरा टप्पा बंगालमधला. श्रीरामपूरच्या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांजवळ पंचानन कर्मकारासारखा ठसे कोरणारा कारागीर होता. स्टीफन्सला जे लाभले नाही ते विल्यम केरीला लाभले. पंडित वैजनाथांच्या साह्याने त्याने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले. ते छापले बालबोधीत, कारण मोडीचे ठसे तयार नव्हते. ते सिद्ध झाल्यावर १८१० चा कोश मोडीत निघाला. म्हणजे मराठी पुस्तक कोणत्या लिपीत असावे, या प्रश्नाचा निकाल प्रथमतः विद्वत्सभेत नव्हे, ओतशाळेत लागत होता. श्रीरामपूरची मराठी मात्र महाराष्ट्रापासून फार दूर बसून लिहिलेली होती. मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी शुभवर्तमानांचे भाषांतर पुन्हा नव्याने हाती घेतले, त्यावरून काय ते समजावे.

हे अमेरिकन गृहस्थ, गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट, १८१३ साली मुंबईस पोहोचले. १८१६ च्या अखेरीस त्यांच्याकडे मुद्रक आला आणि पुढील वर्षापासून मराठी पत्रके व शुभवर्तमान छापून बाहेर पडू लागले. १८२६ मध्ये संपूर्ण नवा करार झाला. या पत्रकांची भाषा वाचवत नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. इंग्रजी वाक्याची हाडे तिच्यातून वर आलेली दिसतात. पण मिशनच्या छापखान्याने मराठीस जे खरे दिले ते या पत्रकांत शोधू नये. ते त्याच्या कामगारांत शोधावे. त्याच छापखान्यात वाढलेल्या थॉमस ग्रॅहमने नागरी ठशांना घाट दिला. तेथील शिळायंत्र पाहून गणपत कृष्णाजींनी स्वतःचे यंत्र उभारले आणि १८३१ मध्ये पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून छापील पोथी विटाळाची मानली जाई. त्यांनी शाईत तूप वापरून तो आक्षेप निकालात काढला. मिशनच्या छापखान्यात कोवळ्या वयात राबलेल्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये ‘निर्णयसागर’ काढला, आणि संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्यांसाठी देशभर ज्याचे नाव झाले तो छापखाना हाच. धर्मांतरासाठी आणलेल्या यंत्राचे शिष्य असे भलत्याच दिशेने निघाले!

प्रतिपक्षानेही हेच हत्यार उचलले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांच्या तोंडी वादाचे पर्यवसान परस्परविरोधी पुस्तकांत झाले. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी व पाद्री यांचे जे वाद झाले तेही लगोलग छापून निघाले. १८४२ मध्ये अहमदनगरास सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’स उत्तरे देता देता इतर मराठी नियतकालिकांना वादाची भाषा सापडली. प्रतिपक्षाचे म्हणणे नेमके उद्धृत करून मग खोडावयाचे, ही शिस्त आपल्या निबंधकारांना या धुमश्चक्रीतही मिळाली. मराठी टीकागद्याच्या कुळीचा शोध घेताना हा धागा अद्याप पुरेसा चाचपला गेलेला नाही.

परंतु नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘ज्ञानोदय’ वाचणार कोण? जे लोक मंडळीत येत होते त्यांपैकी बहुसंख्य महार व मांग समाजांतले, अक्षरांपासून पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवलेले. तेथे पत्रके वाटून काय होणार? कृष्णराव सांगळे आदींनी म्हणूनच कीर्तनाचा आश्रय केला. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ-मृदंग, सगळे तेच. आख्यान मात्र ख्रिस्ताचे. परदेशी यंत्र घेऊन आलेल्या चर्चला अखेरीस नारदाच्या गादीपुढे बसावे लागले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांमध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र आले. ते कीर्तनकारही होते आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादकही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या भजनांत भाषांतराचा वास उरला नाही, याचे श्रेय मी त्यांच्या प्रतिभेइतकेच त्यांच्या कानाला देतो. जे त्यांनी लिहिले ते आधी गाऊन पाहिलेले असे.

वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाने, विशेषतः फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या संपादनकाळात (१९८३–२००७), पाण्याचा व पर्यावरणाचा प्रश्न चर्चच्या ओसरीवर आणला, तो याच परंपरेचा पुढचा भाग. त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. मार्च २०२० मध्ये साथीमुळे देवळे बंद झाली, तेव्हा उपासना मोबाइलच्या पडद्यावर आल्या. आता सहाशे साच्यांची अडचण राहिली नव्हती. जोडाक्षरे बोटाच्या टोकाशी होती. अडचण आली ती निराळी. धर्मगुरूचा आवाज घरोघर पोहोचत होता, पण भजनाचे ध्रुपद उचलणारी मंडळी समोर नव्हती. ज्या घरांत पडदा एकच आणि माणसे पाच-सहा, तेथे कोणीतरी मोठ्याने म्हणत असे आणि बाकीचे त्याच्या मागून.