बॅप्टिस्ट मंडळीसंघ

प्रॉटेस्टंट ख्रिस्ती धर्मातील बॅप्टिस्ट पंथाच्या स्थानिक मंडळ्यांनी परस्परांना सल्ला, साहाय्य व सहवास मिळावा म्हणून स्वेच्छेने स्थापन केलेली संघटना. या पंथात प्रत्येक स्थानिक मंडळी स्वायत्त मानली जाते. तिच्यावर बिशप, धर्मसभा वा राजसत्ता यांपैकी कोणाचाही अधिकार चालत नाही. त्यामुळे संघ हा मंडळ्यांचा धनी नसून त्यांनी निर्माण केलेले साधन होय. आज्ञा देण्याचा अधिकार नसलेल्या संस्थेने स्वतःचे व आपल्या घटकांचे नियमन कसे करावे, हा या व्यवस्थेतील मूलभूत प्रश्न आहे. महाराष्ट्रात बॅप्टिस्ट मंडळ्या थोड्या. तथापि स्थानिक स्वायत्ततेच्या त्याच तत्त्वावर उभ्या असलेल्या काँग्रिगेशनल मंडळ्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), सातारा, सोलापूर या भागांत वाढल्या आणि हाच प्रश्न त्यांच्यापुढेही आला.

उगम व तत्त्व : इंग्लंडच्या राजमान्य चर्चपासून फुटून हॉलंडमध्ये आश्रय घेतलेल्या जॉन स्मिथ याने १६०९ च्या सुमारास ॲम्स्टरडॅम येथे पहिली बॅप्टिस्ट मंडळी स्थापन केली. त्याचा सहकारी टॉमस हेल्विस हा काही अनुयायांसह मायदेशी परतला आणि त्याने लंडनजवळ इंग्लंडच्या भूमीवरील पहिली बॅप्टिस्ट मंडळी उभारली. जाणत्या वयात, स्वतःच्या श्रद्धेची कबुली देऊन घेतलेला बाप्तिस्माच खरा, अशी या पंथाची धारणा आहे. तान्ह्या मुलाला दिलेला बाप्तिस्मा तो मानीत नाही. या धारणेतूनच त्याची शासनपद्धती निघाली. ज्यांनी आपण होऊन श्रद्धा पत्करली अशांचीच मंडळी बनत असल्याने तिचा कारभार तिच्या सर्व सभासदांनी मिळून पाहावा, हे ओघानेच आले.

एकाकी मंडळीला छळ, दारिद्र्य व मतभेद यांना तोंड देणे अवघड जाई. लंडनमधील सात मंडळ्यांनी १६४४ मध्ये एक समाईक श्रद्धापत्रक प्रसिद्ध केले. पुढील दशकात ॲबिंग्डन व अन्य परगण्यांत मंडळ्यांचे रीतसर संघ बनले. ‘असोसिएशन’ ही संज्ञा यादवी युद्धाच्या काळात परगण्यांनी संरक्षणार्थ केलेल्या संघांवरून आली असावी. अमेरिकेत १७०७ मध्ये पाच मंडळ्यांनी फिलाडेल्फिया संघ स्थापन केला. या संघाने १७४९ मध्ये आपल्या अधिकाराची मर्यादा एका निबंधाद्वारे निश्चित केली. संघ हे मंडळ्यांवरील वरिष्ठ न्यायासन नव्हे; मंडळीच्या एखाद्या सभासदाला काढून टाकण्याचा अधिकार त्याला नाही; परंतु एखादी मंडळी श्रद्धेत वा आचरणात ढळल्यास तिच्याशी असलेला संबंध तोडण्यास अन्य मंडळ्या मोकळ्या आहेत, असे त्यात प्रतिपादन केले होते. नंतरच्या बहुतेक बॅप्टिस्ट संघांच्या घटनांत हेच सूत्र आढळते.

मंडळीचा कारभार : मंडळीची सर्वोच्च सत्ता सभासदांच्या सभेत असते. नव्या सभासदाचा स्वीकार, पाळकाची निवड वा निवृत्ती, जमाखर्च आणि शिस्तभंगाची प्रकरणे या सभेपुढे येतात व बहुमताने किंवा एकमताने निकालात निघतात. पाळक हा उपदेश करतो व संस्कार चालवितो; मंडळीची ऐहिक व्यवस्था व गरजूंचे साहाय्य डीकन म्हणजे सेवक पाहतात. शिस्तीच्या बाबतीत मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातील क्रम पाळला जातो : प्रथम एकांतात समजूत, नंतर दोघातिघांच्या समक्ष समजूत आणि शेवटी मंडळीपुढे निवाडा. वगळलेल्या सभासदाने पश्चात्ताप व्यक्त केल्यास त्याला परत घेतले जाते. गाव सोडून जाणाऱ्या सभासदाला मंडळी शिफारसपत्र देते आणि ते दाखवून तो दुसऱ्या मंडळीत दाखल होतो.

संघाचा कारभार : संघाचे मुख्य अधिवेशन बहुधा वर्षातून एकदा भरते. प्रत्येक मंडळी आपले प्रतिनिधी व एक पत्र पाठविते. वर्षभरात किती जणांचा बाप्तिस्मा झाला, किती निवर्तले, किती अन्यत्र गेले, किती वगळले गेले वा परत घेतले गेले, यांची नोंद त्या पत्रात असते. पत्रांचे वाचन हा जुन्या अधिवेशनांतील प्रमुख भाग असे. अधिवेशनापुरता अध्यक्ष व एक चिटणीस निवडला जाई. मंडळ्यांनी पाठविलेल्या शंकांवर चर्चा होऊन उत्तरे दिली जात आणि एखाद्या विषयावरील परिपत्रक सर्वांना धाडले जाई. कार्य वाढल्यावर कायम कार्यकारिणी, वेतनभोगी चिटणीस व उपसमित्या आल्या. तथापि ठराव सल्लावजा असावेत, हे तत्त्व टिकून राहिले.

नवी मंडळी संघात येताना आपले श्रद्धापत्रक व अर्ज सादर करते. समिती चौकशी करते आणि अधिवेशनाने संमती दिल्यावर अध्यक्ष तिच्या प्रतिनिधींशी हस्तांदोलन करून तिला सहवासात घेतो. पाळकाच्या दीक्षेबाबतही अशीच दुहेरी रचना आहे. उमेदवाराची निवड मंडळीच करते. परंतु शेजारच्या मंडळ्यांचे प्रतिनिधी एकत्र येऊन त्याची परीक्षा घेतात व दीक्षा योग्य की अयोग्य याविषयी मत देतात. मंडळी हे मत डावलू शकते, मात्र तसे केल्यास तिच्या पाळकाला इतर मंडळ्या मान्यता देतीलच असे नाही. तक्रार आल्यास संघ समिती पाठवून सलोख्याचा यत्न करतो. तो निष्फळ ठरल्यास मंडळीचे नाव आपल्या यादीतून कमी करणे, एवढाच अंतिम उपाय त्याच्या हाती असतो.

या उपायाची ताकद व मर्यादा अमेरिकेतील इतिहासात स्पष्ट दिसते. गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडील मंडळ्यांनी १८४५ मध्ये स्वतंत्र ‘सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन’ स्थापन केले. स्वायत्ततेच्या तत्त्वामुळे त्यांना बाहेर पडणे सोपे गेले. पण त्याच तत्त्वामुळे अन्यायाला विरोध करणाऱ्यांजवळ त्यांना रोखण्याचे साधनही नव्हते. याच संघटनेने २०२३ मध्ये स्त्रियांना पाळकपद दिल्याच्या कारणावरून कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक ही मोठी मंडळी वगळली. मंडळीने नेमलेल्या पाळकांना पदावरून दूर करण्याचा अधिकार संघटनेला नव्हता. मंडळीशी संबंध तोडणे एवढेच तिला शक्य होते.

भारतातील बॅप्टिस्ट संघ : भारतातील बॅप्टिस्ट कार्याचे मूळही एका मंडळीसंघातच आहे. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशर संघाच्या पाळकांनी १७९२ मध्ये केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन केली आणि त्यांच्यापैकी विल्यम कॅरी (१७६१–१८३४) हा पुढील वर्षी बंगालमध्ये आला. मराठी वाचकाला कॅरी परिचित आहे तो वेगळ्या कारणाने. फोर्ट विल्यम महाविद्यालयात मराठी शिकविताना त्याने पंडित वैजनाथशर्मा यांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण (१८०५) व कोश (१८१०) सिद्ध केला आणि श्रीरामपूरच्या छापखान्यातून नव्या कराराचे मराठी भाषांतर १८११ मध्ये बाहेर पडले. तथापि श्रीरामपूरच्या या मराठी ग्रंथांमागोमाग महाराष्ट्रात बॅप्टिस्ट मंडळ्यांचे जाळे मात्र उभे राहिले नाही.

ईशान्य भारतात ही पद्धती सर्वांत खोल रुजली. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनरी १८३६ मध्ये आसामात आले. नागा टेकड्यांत मंडळ्या वाढल्यावर भाषा व जमात यांनुसार संघ बनले. त्यांपैकी आओ नागांचा संघ १८९७ चा आहे. या संघांची मध्यवर्ती परिषद १९३७ मध्ये स्थापन झाली. गावाची मंडळी, जमातीचा संघ व राज्याची परिषद अशी ही त्रिस्तरीय रचना आहे. मात्र वरचा स्तर खालच्याने दिलेल्या संमतीवर चालतो. आंध्र व तेलंगण भागांतील तेलुगू बॅप्टिस्ट मंडळ्यांचे ‘समावेशम्’ १९६२ मध्ये अस्तित्वात आले.

महाराष्ट्रातील समांतर परंपरा : अमेरिकन बोर्डाने १८१२ मध्ये पूर्वेकडे धाडलेल्या पहिल्या तुकडीत ॲडोनायरम जडसन, ल्यूथर राइस, गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट व सॅम्युएल न्यूवेल हे काँग्रिगेशनल मिशनरी होते. श्रीरामपूरच्या बॅप्टिस्टांशी गाठ पडणार म्हणून जडसनने प्रवासात बाप्तिस्म्याच्या प्रश्नाचा अभ्यास केला; त्यातून त्याचे मत पालटले आणि त्याने कलकत्त्यात पुन्हा बाप्तिस्मा घेतला. राइसनेही तेच केले. जडसन ब्रह्मदेशात गेला, तर राइसने अमेरिकेला परतून तेथील विखुरलेल्या बॅप्टिस्ट मंडळ्यांना १८१४ मध्ये एका राष्ट्रीय संघटनेत आणले. हॉल व नॉट यांचे मत मात्र पालटले नाही. ते १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले व त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशनचा प्रारंभ झाला. अशा रीतीने मराठी काँग्रिगेशनल मंडळ्या आणि अमेरिकन बॅप्टिस्टांची मिशनकार्यासाठीची एकजूट यांचा उगम एकाच तुकडीत सापडतो. बालबाप्तिस्म्याचा मुद्दा सोडला, तर मंडळीच्या स्वायत्ततेविषयी दोहोंची भूमिका बव्हंशी एकच होती.

मिशनचे काम १८३१ मध्ये अहमदनगर येथे व १८४९ मध्ये सातारा येथे सुरू झाले. पुढे वाई येथेही केंद्र झाले. बोर्डाचा चिटणीस रूफस अँडरसन (१७९६–१८८०) याने १८५४-५५ मध्ये केलेल्या दौऱ्यात गावोगावी लहान मंडळ्या स्थापाव्यात, त्यांवर देशी पाळक नेमावेत आणि मंडळ्यांनी स्वशासन, स्वावलंबन व स्वप्रसार साधावा, असा आग्रह धरला. हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ मध्ये अहमदनगर येथे पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या संघाला ‘ऐक्य’ हे अन्वर्थक मराठी नाव रूढ झाले. हा संघ आज्ञा देणारा नव्हे, तर एकत्र विचार करणारा असावा, अशी कल्पना होती.

प्रत्यक्षात स्वशासनाला पैशाची अडचण आली. गावोगावचे बहुतेक सभासद भूमिहीन व दलित समाजांतील होते. पाळकाचे वेतन त्यांच्या वर्गणीतून पुरेसे निघत नसे आणि उरलेला भार मिशन उचली. पाळक निवडण्याचा हक्क मंडळीचा, पण वेतन देणारा हात दुसऱ्याचा, ही विसंगती दीर्घकाळ राहिली. ना. वा. टिळक यांना ही परावलंबी अवस्था विशेष जाचली. मिशनची नोकरी सोडून त्यांनी १९१७ मध्ये सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना त्यात सारखेच स्थान होते. टिळक १९१९ मध्ये निवर्तल्याने हा प्रयोग फार वाढला नाही. तथापि परकीय संघटनेच्या चौकटीबाहेर स्वायत्त बंधुभाव शक्य आहे, हे सांगण्याचा तो एक महत्त्वाचा यत्न होता.

याच सुमारास कृष्णाकाठी सांगली–मिरज व कोल्हापूर भागात प्रेस्बिटेरियन पद्धती प्रचलित होती. तीत वडिलांच्या सभेवर प्रेस्बिटरी आणि तिच्यावर सिनॉड अशी चढती न्यायासने असून वरच्याचा निर्णय खालच्यावर बंधनकारक असतो. सातारा व सांगली या शेजारच्या भागांत अशा प्रकारे एकाच धर्माच्या दोन राज्यपद्धती नांदत होत्या. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्यांनी मिळून ‘युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया’ स्थापन केले. त्यामुळे मराठी काँग्रिगेशनल मंडळ्यांनी श्रेणीबद्ध सभांची रचना पत्करली आणि ‘ऐक्या’च्या सल्लावजा ठरावांच्या जागी बंधनकारक निर्णय आले.

विलीनीकरण व मालमत्तेचा प्रश्न : नागपूर येथे २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चसंस्थांच्या विलीनीकरणातून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अस्तित्वात आले. त्यांत अँग्लिकन चर्च, युनायटेड चर्च व उत्तर भारतातील बॅप्टिस्ट मंडळ्यांची परिषद यांचा समावेश होता. काँग्रिगेशनल व बॅप्टिस्ट या दोन परंपरांतील मंडळ्या अशा प्रकारे एका छत्राखाली आल्या. बालबाप्तिस्मा व प्रौढ श्रद्धावंताचा बाप्तिस्मा या दोन्ही प्रथांना नव्या चर्चने मान्यता दिली. शासनपद्धतीत बिशप, सभा व स्थानिक मंडळी या तिन्हींना स्थान देण्यात आले. परंतु बॅप्टिस्टांच्या दृष्टीने बिशपपदाचा स्वीकार ही मोठी तडजोड होती आणि काही मंडळ्या विलीनीकरणापासून दूर राहिल्या.

प्रतिनिधींनी केलेला ठराव मंडळीची इमारत व जमीन यांनाही बांधतो काय, हा वाद पुढे न्यायालयांत गेला. सहा घटकांपैकी ‘चर्च ऑफ द ब्रेद्रेन’ याच्या गुजरातमधील मालमत्तेसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय दिला. संस्था नोंदणी व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था यांविषयीच्या कायद्यांत सांगितलेली रीत पाळल्याखेरीज केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, असा त्याचा आशय होता. ब्रेद्रेन हे बॅप्टिस्ट नव्हेत. पण प्रौढ बाप्तिस्मा मानणाऱ्या व स्थानिक मंडळीला महत्त्व देणाऱ्या परंपरेतील असल्याने हा निर्णय या विषयाशी निगडित आहे.

मूल्यमापन : मंडळीसंघाच्या पद्धतीने सामान्य सभासदाला मतदान, चर्चा व हिशेब यांची सवय लावली. तिचे दोषही उघड आहेत. दुर्बळ मंडळीला आधार मिळेलच याची हमी नसते आणि बलिष्ठ मंडळीला वा पाळकाला आवर घालणे कठीण जाते. मंडळी आपला खर्च आपण भागविते तेथे तिची स्वायत्तता खरी ठरते. पैसा व मालमत्ता अन्यत्र असेल तेथे ती कागदावर उरते. बॅप्टिस्ट संघांच्या व त्यांना समांतर असलेल्या मराठी मंडळ्यांच्या इतिहासातून हीच गोष्ट पुन्हा पुन्हा प्रत्ययास येते.