एका नाण्यावर दोन राजे

राज्य बदलले की नाणे बदलते. नवा राजा गादीवर आला, ही वार्ता दवंडीपेक्षाही दूरवर पोहोचविण्याचे काम नाणे करते. परंतु नवे नाणे पाडावयाचे तर धातू हवा, भट्टी हवी, कारागिरांचे श्रम हवेत. म्हणून प्राचीन काळी कित्येक राजांनी सुलभ मार्ग पत्करला. जुने नाणे न वितळविता ते नव्या ठशांमध्ये ठेवावयाचे आणि वरून हातोड्याचा घाव घालावयाचा. अशा नाण्यांना पुनर्मुद्रांकित नाणी म्हणतात.

ही रीत अनेक देशांत होती. इ. स. १३२ ते १३५ या काळात बार कोखबा याच्या नेतृत्वाखाली यहुदी लोकांनी रोमन सत्तेविरुद्ध उठाव केला. त्यांनी चलनातील चांदीच्या व काशाच्या नाण्यांवरच आपली चिन्हे उमटविली. खजुराचे झाड, द्राक्षाचे पान आणि प्राचीन हिब्रू लिपीतील अक्षरे त्यांवर आढळतात. काशाची कित्येक नाणी आधी कानशीने घासलेली दिसतात. तथापि काहींवर सम्राटाच्या मुखवट्याची रेषा शिल्लक राहिलीच.

याच रीतीचे ठळक उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. मात्र ते चांदीचे आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली सुमारे १३,२५० नाण्यांचा साठा सापडला. रेव्हरंड स्कॉट यांनी त्याचा अभ्यास करून वृत्तांत प्रसिद्ध केला. ही सर्व नाणी मूळची क्षहरात क्षत्रप नहपान याची होत. एका बाजूस राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र. आणि एवढ्याशा चकतीवर ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिपी! यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला छाप मारला : एकीकडे तीन कमानींचा डोंगर व राजाचे नाव, तर दुसरीकडे उज्जयिनी चिन्ह.

आता नाशिकच्या पांडवलेण्यांकडे वळू. तेथील तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा शिलालेख आहे. तिचा नातू पुळुमावी याच्या कारकीर्दीच्या १९ व्या वर्षी तो कोरला गेला. आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे ती माता अभिमानाने सांगते. शिलालेख म्हणतो, काही उरले नाही. नाणे म्हणते, मी उरलो आहे. घाव किंचित तिरपा पडला, तेथे नहपानाचे नाक, ओठ, नावाची चार अक्षरे आजही वाचता येतात. विजेत्याची साक्ष दगडाने दिली, पराभूताचीही साक्ष त्याच विजेत्याच्या नाण्याने जपली. दोन्ही साक्षी जुळल्या म्हणूनच कोण आधी व कोण नंतर, हे निःशंकपणे सांगता येते.

त्याच लेण्यातील आणखी एक लेख मननीय आहे. आपल्या १८ व्या वर्षी गौतमीपुत्राने भिक्षूंना २०० निवर्तने शेत दिले. ते पूर्वी उषवदाताचे, म्हणजे नहपानाच्या जावयाचे होते, ही नोंद त्या राजाज्ञेतच आहे. राजा बदलला, परंतु शेताचा पूर्वेतिहास आज्ञेतून गाळला गेला नाही.

ज्ञातिबंधुभगिनींनो, हे सारे आम्ही येथे का लिहितो? आपल्या अनेक घरांत देव्हाऱ्यात किंवा जुन्या पेटीत पूर्वजांची नाणी असतात. सणासुदीला ती चिंच लावून घासली जातात. अडचणीच्या वेळी मोडीत घातली जातात. चिंचेने जी झिलई येते, तिच्याबरोबर एखादे पुसट अक्षर कायमचे जाते; आणि मुशीत गेलेल्या नाण्यावरचे दोन्ही राजे एकदमच नाहीसे होतात. गौतमीपुत्राच्या हातोड्याने जे घडले नाही, ते आपल्या हातून घडू नये. घरची नाणी घासू नका, एखाद्या जाणत्याला दाखवा, कोणाकडून व केव्हा आली ते लिहून ठेवा. शेतात किंवा पायाच्या खणतीत धन सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळवा. जोगलटेंभीचा साठा सोनाराच्या मुशीत गेला असता, तर त्याची किंमत केवळ चांदीच्या वजनाएवढीच झाली असती.