द्रवनत्र पात्र आणि गवळाऊ गोवंश : नाचणगाव परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील नाचणगाव हे पुलगावला लागून असलेले गाव होय. पुलगावहून आर्वीकडे १९१७ मध्ये अरुंदमापी रेल्वे सुरू झाली. आर्वी आणि कारंजा (घाडगे) हा भाग म्हणजे गवळाऊ गोवंशाचे माहेर. पांढऱ्या-राखाडी रंगाचा, अंगाने हलका, चालीला वेगवान असा हा बैल. गाय मात्र दुधाला बेताची. या वंशाच्या इतिहासात गवळी समाज, कापसाची शेती आणि गांधीयुगातील गोसेवा यांचा उल्लेख होतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेडोपाडी पोहोचलेल्या द्रवनत्र पात्राची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते.

वर्ध्यात गोसुधाराचा विचार या पात्राच्या आधीचा आहे. १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवा संघाचे कार्य हाती घेतले आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी झालेल्या निधनापर्यंत ते त्यातच गढून गेले होते. त्या काळी गोसुधार म्हणजे उत्तम वळू निवडणे व तो गावात सांभाळणे. वळू जिथे, तिथेच त्याचा वंश, ही मर्यादा सर्वांनी गृहीत धरलेली होती.

कृत्रिम रेतनाने ही मर्यादा काहीशी सैल केली. भारतात १९३९ मध्ये म्हैसूर येथे त्याचा प्रारंभ झाला. परंतु बर्फात ठेवलेले रेत दोन-तीन दिवसच उपयोगी राही. त्यामुळे संकलन केंद्रापासून दूरच्या गावांना त्याचा लाभ बेताचाच होता. खरे परिवर्तन १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये घडले. पोल्ज, स्मिथ व पार्क्स यांना ग्लिसरॉलमुळे गोठविलेल्या शुक्रपेशी जिवंत राहतात असे आढळले. चुकीची चिठ्ठी लागलेल्या बाटलीमुळे हा शोध लागला, हे विज्ञानाच्या इतिहासातील एक गमतीदार सत्य. प्रारंभी घन कार्बन डायऑक्साइडच्या साह्याने उणे ७९ अंश सेल्सिअसवर साठवण होई. पुढे द्रवनत्राचे उणे १९६ अंश हे तापमान रूढ झाले. या तापमानाला पेशीतील रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. परिणामी वळू मेल्यानंतरही त्याची संतती जन्मू शकते.

महाराष्ट्रात या तंत्राला खेड्यापर्यंत नेण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात उरुळी कांचन येथील कार्याला द्यावे लागेल. १९४६ मध्ये महात्मा गांधींसमवेत तेथे आलेल्या मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये 'बाएफ' संस्था स्थापिली. गोठित रेतमात्रेच्या कांड्या घेऊन शेतकऱ्याच्या दारी जाणारा तंत्रज्ञ ही तिची ओळख झाली. पात्रेही राज्यातच, नाशिक येथे, आयबीपी कंपनीच्या कारखान्यात बनू लागली. २००७ मध्ये ती कंपनी इंडियन ऑइलमध्ये विलीन झाली. साठवणीसाठी ३५ वा ५५ लिटरचे आणि दुचाकीवर नेण्यासाठी ३ लिटरचे पात्र वापरले जाते. दुहेरी भिंत, त्यांमधील निर्वात पोकळी आणि अरुंद मान ही त्याची रचना १८९२ मधील ड्युअरच्या बाटलीचीच. द्रवनत्र सतत उडून जाते. मोजपट्टीने पातळी पाहून वेळेवर भरणा झाला नाही, तर आतील कांड्या निरुपयोगी होतात आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. विदर्भातील उन्हाळ्यात हा साधा नियम पाळणे किती कठीण, हे सांगावयास नको.

प्रश्न असा की, पात्रात कोणाच्या कांड्या होत्या? पैदास धोरणानुसार मान्य जातींची निवडीने शुद्ध पैदास आणि गावठी गायींचे जर्सी-होल्स्टीनशी संकरीकरण, असा भेद करण्यात आला. कागदावर तो योग्यच होता. परंतु नाचणगावसारख्या, माहेराच्या सीमेवरील गावात कोणती गाय गवळाऊ आणि कोणती गावठी, हे दाराशी उभ्या असलेल्या तंत्रज्ञाने ठरवावयाचे होते. त्यातच दुधाला रोख भाव आणि बैलाच्या कामाला ट्रॅक्टरचा पर्याय आला. गोपाळकाने संकरित कालवड पसंत केली, यात त्याचा दोष काढता येणार नाही. मात्र जे साधन वंश टिकविण्यास समर्थ होते, ते प्रामुख्याने वंश बदलण्यासाठी वापरले गेले, हे नाकारणे कठीण आहे.

१९८४ मध्ये राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो स्थापन झाला आणि देशी जातींचे रेत जतन करण्याचा विचार दृढ झाला. कारंजा तालुक्यातील हेटीकुंडी येथील शासकीय प्रक्षेत्रावर गवळाऊचा कळप राखला गेला. तथापि, कांडीत वंशाचा निम्माच वारसा असतो. उरलेला निम्मा गायीकडून यावा लागतो. संकरित गायीवर गवळाऊचे रेतन केल्यास प्रत्येक पिढीत परका अंश निम्म्याने घटतो. निम्म्या विदेशी रक्ताच्या गायीपासून आरंभ केला, तर तो तीन टक्क्यांच्या आसपास येण्यास चार पिढ्या लागतात. एका पिढीला चार-पाच वर्षे धरली तरी हा काळ सोळा ते वीस वर्षांचा होतो, आणि तोवर प्रत्येक वेळी पात्र भरलेले असावे लागते.