आमरीची ओली हवा

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात, आणि या कुळातील ज्या जाती झाडांच्या फांद्यांवर वाढतात त्यांना वनस्पतिशास्त्रात अपिवनस्पती, म्हणजे दुसऱ्या झाडाचा केवळ आधार घेणाऱ्या पण त्याचा रस न शोषणाऱ्या वनस्पती, असे नाव आहे. त्यांना सरसकट बांडगूळ समजले जाते, ते अन्यायाचे आहे. त्यांची मुळे हवेत लोंबतात, आणि मुळांवर व्हेलामेन नावाचे मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते, जे कोरडे असताना रुपेरी-करडे दिसते आणि पाणी लागताच पारदर्शक होऊन आतला हिरवा रंग दाखवते. अंधेरी, घाटकोपर, मुलुंड वा बोरिवलीच्या सदनिकेत आमरी जोपासणारे आज मुळांचा हा रंग पाहूनच पाणी घालायचे की थांबायचे ते ठरवतात. मुळे हवेत आहेत, तेव्हा हवा ओली हवी, इतका साधा तर्क आमरी जोपासण्यामागे असतो; मात्र तो तर्क अर्धाच असल्यामुळे गेल्या दोनशे वर्षांत असंख्य झाडे मेली आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये उष्ण प्रदेशांतील आमरींचा संग्रह करण्याची लाट आली, तेव्हा ही झाडे वाफाळत्या, कोंदट जंगलातलीच असणार अशी ठाम समजूत होती. म्हणून काचगृहे भट्ट्यांनी तापवून, आत पाणी शिंपडून आणि तावदाने घट्ट लावून जी हवा तयार केली जाई, तिच्यात बहुतेक झाडे कुजून जात. जोसेफ पॅक्स्टन या चॅट्सवर्थच्या मुख्य माळ्याने १८३०च्या दशकात ही रीत मोडली. त्याच्याच हाताखालचा जॉन गिब्सन १८३५ मध्ये भारतात येऊन खासी टेकड्यांतून आमरी घेऊन गेला होता, आणि या झाडांना खेळत्या हवेची गरज असते हे पॅक्स्टनने ओळखले होते. जमीन आणि वाटा ओल्या कराव्यात, ते पाणी हवेत विरू द्यावे, आणि झडपा उघड्या ठेवाव्यात, ही त्या काळात रुजलेली शिकवण आजही जुनी झालेली नाही.

मुंबईत मात्र हा प्रश्न उलट्या बाजूने उभा राहिला, कारण येथे आमरी बाहेरून आणावी लागत नव्हती. डॅल्झेल आणि अलेक्झांडर गिब्सन यांनी १८६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात तिची नोंद आहे, आणि १९६६ मध्ये फादर सांतापाव व कापडिया यांनी मुंबईच्या आमरींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. कोकणात आणि सह्याद्रीत वाढणाऱ्या या जातींचे वर्ष पाहिले तर ओलाव्याविषयीची सगळी घाई निवळते. पावसाचे चार महिने सरले की त्यांना आठ महिने जवळजवळ पाऊस नसतो. हिवाळ्यात पूर्वेकडून कोरडे वारे सुटतात आणि दुपारची सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जितकी वाफ मावू शकते तिच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेली वाफ, निम्म्याच्याही खाली उतरते. डेन्ड्रोबियम बार्बाट्युलम ही त्यांतलीच एक आमरी या काळात पाने टाकून देते आणि उघड्या काठीवर पांढरी फुले फुलवते. पहाटे पडणारे दहिवर आणि दिवसभर वाहणारा वारा, एवढ्यावर ही झाडे निभावून नेतात.

उपनगरांतील जुन्या वाड्यांत आमरी जगवणे म्हणूनच अवघड नव्हते. झाडाला बांधलेल्या नारळाच्या सोडणावर किंवा कोळसा आणि विटांचे तुकडे भरलेल्या लाकडी टोपलीत ती वाढे, आणि विहीर, हौद व भोवतालची झाडी मिळून हवेचा ओलावा आपोआप सांभाळत. १९२८ मध्ये विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली, वाड्यांच्या जागी चाळी आणि पुढे इमारती उभ्या राहिल्या, गॅलऱ्या काचा लावून खोलीत घेतल्या गेल्या आणि खोलीत वातानुकूलन यंत्र आले. हे यंत्र हवा गार करताना तिच्यातली वाफ काढून घेते. इमारतीबाहेर नळीतून ठिबकणारे पाणी त्या खोलीतल्याच हवेचे असते. त्याच सुमारास आमरीही बदलली. १९२२ मध्ये लुईस नड्‌सन यांनी आमरीचे सूक्ष्म बी साखरयुक्त माध्यमात, बुरशीच्या मदतीशिवाय, रुजवून दाखवले, आणि १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून रोपे करण्याची पद्धत मांडली, ज्यामुळे एकेकाळी श्रीमंतांपुरते असलेले झाड मध्यमवर्गीय दिवाणखान्यात पोहोचले. कोरडी, बंद खोली आणि तिच्यात फॅलिनॉप्सिस या आमरीची कुंडी, अशी ही गाठ पडली.

या खोलीची हवा ओली करण्यासाठी आलेल्या फॉगरचा, म्हणजे पाण्याचे बारीक धुके सोडणाऱ्या यंत्राचा, उगम बागकामात नाही. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हा दाबविद्युत परिणाम झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवला. त्याचाच उलटा उपयोग करून, म्हणजे स्फटिकाला वीज देऊन तो कंपित करून, पॉल लाँजव्हँ यांनी पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी श्राव्यातीत, म्हणजे कानाला ऐकू न येणारा, ध्वनी निर्माण केला. १९२७ मध्ये वूड आणि लूमिस यांनी अशा ध्वनीने द्रवाच्या पृष्ठभागावरून धुके उठते याची नोंद केली. आजच्या फॉगरमध्ये रुपयाच्या नाण्याएवढी सिरॅमिकची चकती सेकंदाला सुमारे १७ लाख वेळा थरथरते, तिच्यावरच्या दोन-चार सेंटिमीटर पाण्याला उकळी फुटल्यासारखा उंचवटा येतो, आणि त्यातून सुमारे तीन मायक्रॉन व्यासाचे थेंब सुटतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हे धुके थंड असते आणि काठावरून खाली ओघळते. पाणी संपूनही यंत्र चालू राहिले तर चकती जळते. पाण्यातले क्षार थेंबाबरोबर उडतात. महापालिकेचे पाणी तलावांत साठलेल्या पावसाचे असल्याने ही तक्रार कमी असते, पण बोअरवेलचे पाणी घातल्यास पानांवर पांढरी पूड बसते.

धुके आणि दमटपणा एक नव्हेत, हे मात्र यंत्राच्या पाकिटावर लिहिलेले नसते. दिसते ते अजून द्रवच असते; थेंब हवेत विरून दिसेनासा झाला तरच सापेक्ष आर्द्रता वाढते. वारा नसेल तर तेच धुके पानांच्या बेचक्यात पाणी होऊन साचते, आणि फॅलिनॉप्सिसचा गाभा दोन-तीन दिवसांत काळा पडून सुटून येतो. पॅक्स्टनच्या आधीच्या काचगृहांत जे घडत होते तेच येथे घडते. म्हणून जाणकार छंदी फॉगरजवळ छोटा पंखा सतत चालू ठेवतात, तो थेट झाडावर न रोखता भिंतीकडे वळवतात, आणि धुके सकाळी सोडतात, म्हणजे रात्रीपर्यंत पाने कोरडी होतात.

मृगाचा पाऊस सुरू झाला की उपनगरांत या यंत्राचे कामच उरत नाही. चकतीवर बसलेला क्षार व्हिनेगरने काढून ती कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवली जाते, काच सरकवली जाते, आणि कुंड्या खिडकीच्या जाळीला, पागोळ्यांपासून वीतभर आत, टांगल्या जातात.