सी प्रोग्रामिंग: 'साइझऑफ' आणि 'स्ट्रलेन'चं उत्तर वेगळं का येतं?

२ नोव्हेंबर १९८८. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिसने लिहिलेला एक प्रोग्रॅम इंटरनेटवर पसरला आणि बघता बघता हजारो कॉम्प्युटर त्याच्या कचाट्यात सापडले. हाच तो 'मॉरिस वर्म'. त्याने आत शिरायला वापरलेल्या वाटांपैकी एक होती सी भाषेतली साधी चूक. एका प्रोग्रॅमने येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइट जागा ठेवली होती, पण मजकूर तेवढ्यात मावतोय का, हे तपासलंच जात नव्हतं.

जागा किती आणि मजकूर किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सी भाषेत पहिल्याचं उत्तर 'साइझऑफ' देतं आणि दुसऱ्याचं 'स्ट्रलेन'. नवशिक्यांचा गोंधळ हमखास इथेच उडतो.

बरणी केवढी, लोणचं किती?

स्वयंपाकघरातली बरणी डोळ्यासमोर आणा. बरणी एक किलोची आहे, पण आत लोणचं पाव किलोच उरलंय. 'साइझऑफ' बरणीचं माप सांगतं, 'स्ट्रलेन' लोणच्याचं.

समजा, प्रोग्रॅममध्ये २० बाइटचा कॅरेक्टर अ‍ॅरे घेतला आणि त्यात रोमन लिपीत पुणे लिहिलं. पी, यू, एन, ई अशी चार अक्षरं. इथे 'साइझऑफ' २० सांगेल आणि 'स्ट्रलेन' ४.

अ‍ॅरेचा आकार न सांगता थेट हाच शब्द दिला, तर 'साइझऑफ' ५ सांगतं आणि 'स्ट्रलेन' ४च. मग हा एक जास्तीचा बाइट कुठून आला?

शेवटचं शून्य

सी भाषेत स्ट्रिंग कुठे संपली, हे कळण्यासाठी शेवटी शून्य किमतीचा एक बाइट ठेवलेला असतो. त्याला 'नल कॅरेक्टर' म्हणतात. 'स्ट्रलेन' पहिल्या बाइटपासून मोजायला लागतं आणि शून्य दिसलं की थांबतं. ते शून्य मात्र मोजत नाही. 'साइझऑफ' सगळीच जागा मोजत असल्यामुळे त्यात शून्यही येतं.

आणखी एक फरक आहे. 'स्ट्रलेन' हे फंक्शन आहे, ते प्रोग्रॅम चालू असताना मोजतं. 'साइझऑफ' हा ऑपरेटर आहे. नेहमीच्या अ‍ॅरेसाठी त्याचं उत्तर प्रोग्रॅम कंपाइल होतानाच ठरतं.

मराठीत लिहिलं तर?

आता तेच 'पुणे' देवनागरीत लिहा. वाचणाऱ्याला दोन अक्षरं दिसतात, पण युटीएफ-८ पद्धतीत 'स्ट्रलेन' १२ सांगतं! कारण प, उकार, ण आणि मात्रा असे चार स्वतंत्र युनिकोड घटक साठवले जातात आणि देवनागरीतल्या प्रत्येक घटकाला ३ बाइट लागतात. थोडक्यात, 'स्ट्रलेन' अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. रोमन लिपीत दोन्ही आकडे जुळतात, म्हणून हे लक्षात येत नाही. इंग्रजी नावांच्या हिशोबाने जागा ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठी नावं मावत नाहीत, ती यामुळेच.

फंक्शनमध्ये अचानक ८ का येतं?

२० बाइटचा तोच अ‍ॅरे एखाद्या फंक्शनला दिला आणि तिथे 'साइझऑफ' वापरलं, तर आजच्या ६४-बिट कॉम्प्युटरवर साधारणपणे ८ हे उत्तर येतं. अ‍ॅरे लहान झालेला नसतो. फंक्शनला बरणी मिळतच नाही, बरणी कुठे ठेवली आहे त्याचा पत्ता तेवढा मिळतो. त्या पत्त्याला 'पॉइंटर' म्हणतात आणि ८ बाइट हा त्याचाच आकार. म्हणून अनुभवी प्रोग्रॅमर फंक्शनला अ‍ॅरेसोबत त्याचा आकारही वेगळा पाठवतात.

चूक कुठे महागात पडते?

स्ट्रिंगची प्रत करताना 'स्ट्रलेन'ने सांगितली तेवढीच जागा घेतली, तर शेवटच्या शून्याला जागा उरत नाही आणि ते शेजारच्या मेमरीत लिहिलं जातं. म्हणून नेहमी एक बाइट जास्त घ्यावा लागतो. उलट शून्यच राहून गेलं, तर 'स्ट्रलेन' पुढची मेमरी वाचत सुटतं. मग भलताच आकडा येतो किंवा प्रोग्रॅम बंद पडतो.

मॉरिस वर्मने ज्या फंक्शनचा फायदा घेतला, त्याचं नाव 'गेट-एस'. समोरची जागा किती आहे, हे त्याला सांगायची सोयच नव्हती. २०११च्या सी मानकातून ते काढून टाकण्यात आलं. आता त्याऐवजी 'एफ-गेट-एस' वापरतात. त्याला जागेचा आकार आधीच द्यावा लागतो आणि तेवढ्यावर ते थांबतं.

त्यामुळे कोड लिहिताना एक सवय लावून घेतलेली बरी: मजकूर ओतण्याआधी बरणीचं माप बघायचं आणि शून्यासाठी एक बाइट राखून ठेवायचा.